कमलाबाईंनी दाराच्या आत जाऊन काय केले, तेही सांगा : विज्ञान शिक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक बंधू-भगिनींस,

सस्नेह नमस्कार.

मी पदवीच्या वर्गांना जीवरसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, जवळपासच्या एखाद्या शाळेत परीक्षक म्हणून किंवा पाहुणी म्हणून जाण्याचा योग येतो. गेल्या काही वर्षांत या कार्यक्रमांत एक आनंदाची गोष्ट घडू लागली आहे. मुली जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत) यांच्यावर बोलतात. सुती साडी नेसून, आजीचा चष्मा लावून, व्यासपीठावर ताठ उभ्या राहून त्या सांगतात, की १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिली आलेली कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला, तिने सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि अखेर रामन यांना दार उघडावे लागले. इथे टाळ्या पडतात आणि भाषण संपते.

अशाच एका भाषणानंतर आठवीतल्या एका मुलीला मी जवळ बोलावून विचारले, "दार उघडलं, कमलाबाई आत गेल्या. आत जाऊन त्यांनी काय केलं?" ती म्हणाली, "त्यांनी खूप मोठं संशोधन केलं." मी विचारले, "कशावर?" तिने मागे वळून आपल्या बाईंकडे पाहिले. बाईंनी अतिशय प्रामाणिकपणे मला सांगितले, "मॅडम, आम्हालाही तेवढंच माहीत आहे." त्या बाईंचा यात काडीमात्र दोष नाही. त्यांच्या हाती जे साहित्य येते त्यात प्रवेशाच्या प्रसंगाला पान-दीड पान असते आणि पुढच्या साठ वर्षांच्या कामाला दोन ओळी. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की त्या दोन ओळींच्या जागी काय सांगता येईल हे आपल्यासमोर मांडावे आणि ते वर्गात करूनही दाखवता येते हे सांगावे.

प्रवेशाचा प्रसंग वगळावा असे मी मुळीच म्हणत नाही. खुद्द कमलाबाई तो विसरल्या नव्हत्या. उतारवयात झालेल्या एका सत्कारप्रसंगी त्यांनी रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण मान्य करून, त्यांची स्त्रियांविषयीची दृष्टी मात्र संकुचित होती आणि ती वागणूक आपल्याला अपमानास्पद वाटली, असे स्पष्ट शब्दांत सांगितले होते. ज्या अटींवर त्यांना घेतले गेले त्या मुलांना सांगायलाच हव्यात : पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे, आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होईल असे वागायचे नाही. शिवाय एका मुलीसाठी दार उघडले म्हणजे प्रश्न संपला नाही, हेही सांगायला हवे. १९४० मध्ये त्याच संस्थेत रामन यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या ॲना मणी यांनी हिरा आणि माणिक यांच्या वर्णपटांवर पाच शोधनिबंध लिहिले, पण एम.एस्सी. नसल्याच्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. हे सगळे खरे आहे आणि सांगण्याजोगे आहे. माझी तक्रार एवढीच, की एखाद्या शास्त्रज्ञ स्त्रीची ओळख तिला कोणी अडवले यावरच थांबली, तर तिची गोष्ट शेवटी अडवणाऱ्याचीच गोष्ट होऊन बसते. रामन यांच्याबद्दल बोलताना आपण प्रकाशाच्या विकिरणाबद्दल बोलतो. कमलाबाईंबद्दल बोलताना आपण रामन यांच्याबद्दल बोलतो. हे मला खटकते.

म्हणून आता कामाकडे वळते.

बंगळूरला त्यांना मार्गदर्शक लाभले ते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमला भागवत यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. हा विषय आपल्याला साधा वाटण्याचा संभव आहे. पण ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटातले प्रथिन डाळी-कडधान्यांतूनच येते, तिथे त्या प्रथिनांची रचना, त्यांचे प्रकार आणि पचनक्षमता हे प्रश्न कोणी तरी प्रयोगशाळेत नेणे गरजेचे होते. हा धागा त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या, सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधातील कामगिरीसाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमान यांच्यासह मिळवणारे संशोधक. विभागात जागेची टंचाई होती, तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरायला दिले. बंगळूरची रात्रीच्या कामाची अट आणि केंब्रिजचे हे दिवसाचे टेबल या दोन गोष्टी मी वर्गात नेहमी शेजारी शेजारी सांगते. रिक्टर यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांच्या ऊतींतील फिनॉलेज विकरांवर (विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातली रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे प्रथिन) आणि ॲड्रेनॅलिनवर काम केले, ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी अमीन ऑक्सिडेज या विकरावरील शोधनिबंधात ब्लाश्को आणि रिक्टर यांच्या नावांबरोबर के. भागवत हे नाव आहे. हे विकर शरीरातील काही महत्त्वाच्या अमीन संयुगांचे विघटन करते; पुढे मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या औषधांच्या एका गटाचे लक्ष्य नेमके याच कुळातले विकर ठरले.

मग आला बटाटा, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्या भाषणांतली सर्वांत मोठी चूक इथेच होते. "कमला सोहोनी यांनी सायटोक्रोम सी या विकराचा शोध लावला" असे सर्रास म्हटले जाते. हे वाक्य दोन ठिकाणी चुकते. सायटोक्रोम सी हे विकर नव्हे. ते इलेक्ट्रॉन वाहून नेणारे, लोहयुक्त, लहानसे प्रथिन आहे. आणि सायटोक्रोमचे वर्णन करून त्याला हे नाव दिले ते केंब्रिजमधल्याच डेव्हिड कायलिन यांनी, १९२५ मध्ये. प्राणी, यीस्ट आणि उच्च वनस्पती या तिन्हींत ते आढळते असे त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होते. मग कमलाबाईंनी काय केले? त्यांनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनसाखळीचे, म्हणजे इलेक्ट्रॉन हातोहात ऑक्सिजनपर्यंत पोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीचे, शेवटचे टोक हातात धरले.

प्रश्न असा होता. बटाटा कापून ठेवला की काही मिनिटांत त्याचा काप तपकिरी पडतो, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. तो पडतो पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे, जे हवेतला ऑक्सिजन वापरते. बटाट्यात हे विकर इतके मुबलक असते, की बटाटा श्वसनासाठी जो ऑक्सिजन घेतो तो याच विकरामार्फत घेत असेल असे काही संशोधकांना त्या काळी वाटत होते. तसे असते तर वनस्पतींचे श्वसन आणि प्राण्यांचे श्वसन यांचा शेवटचा टप्पा मुळातच वेगळा मानावा लागला असता. प्राण्यांमध्ये ऑक्सिजनपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवण्याचे शेवटचे काम सायटोक्रोम ऑक्सिडेज करते आणि त्याच्याकडे इलेक्ट्रॉन आणून देते ते सायटोक्रोम सी. वनस्पतींत हे पाहणे अवघड होते, कारण पानांतल्या हरितद्रव्याचा रंग सायटोक्रोमच्या फिक्या वर्णपट्टांना झाकून टाकतो. म्हणून हिरवी नसलेली ऊती घेणे सोयीचे, आणि बटाटा त्यासाठी चांगला. हिल आणि भागवत यांनी सपुष्प वनस्पतींत सायटोक्रोम ऑक्सिडेज असल्याचे दाखवले आणि तो निष्कर्ष १९३९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे बटाट्याचा कंद आणि आपला स्नायू ऑक्सिजन वापरण्यासाठी एकाच जातीची यंत्रणा चालवतात. आज दहावीच्या मुलाला तंतुकणिका, म्हणजे पेशीतले ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया, शिकवताना आपण वनस्पती आणि प्राणी असा भेद करत नाही. तो भेद करावा लागत नाही, यामागे ज्या अनेकांचे हात आहेत त्यांतला एक हात कमला भागवत यांचा आहे. माझ्या मते हे "शोध लावला" या मोघम वाक्यापेक्षा कितीतरी मोठे आणि मुलांना समजण्याजोगे आहे.

या कामावर त्यांनी लिहिलेला पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता, आणि केंब्रिजला आल्यापासून दोन वर्षांच्या आत तो सादर झाला. "विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री" असे त्यांना म्हटले जाते. मुलांना हे सांगताना एवढे जोडावे, की वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. ती पदवी डी.एस्सी. होती. 'पहिली' या शब्दाचा हट्ट धरला की दुसरी कोणी तरी पुसली जाते, आणि कमलाबाईंचे मोठेपण त्या शब्दावर अवलंबून नाही.

१९३९ मध्ये त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, आणि १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबई. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले, विद्यार्थ्यांची फळी उभी केली आणि पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या.

मुंबईतले जे काम मला सर्वांत जवळचे वाटते ते वालाचे. आपल्याकडे वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवूनच खातात. कच्चे खाल्ले तर पोट बिघडते, हे घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण एक कारण असे : स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर आपण खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करते, आणि कच्च्या वालात त्या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवणारे एक प्रथिन असते. त्याला ट्रिप्सिन निरोधक म्हणतात. ते ट्रिप्सिनच्या नेमक्या काम करणाऱ्या खाचेत जाऊन बसते आणि मग तिथे खऱ्या अन्नाला जागा राहत नाही. बी खाणाऱ्या किड्या-प्राण्यांपासून वनस्पतीचा हा एक बचाव आहे. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी १९५० च्या दशकात आपल्या खाण्यातल्या एकेका पदार्थातले असे निरोधक तपासत होते, आणि १९५५ मध्ये वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतील ट्रिप्सिन निरोधक स्फटिकरूपात मिळवल्याचा त्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला.

'स्फटिकरूपात' हा शब्द वाचताना सहज सुटून जातो, पण त्यातच सगळी मेहनत आहे. वालाचे पीठ पाण्यात कालवले तर त्या अर्कात शेकडो प्रथिने एकत्र असतात. क्षार वाढवत नेऊन, आम्लता बदलत, थंडीत ठेवून, पुन्हा पुन्हा गाळून त्यांतले एकच वेगळे करायचे, आणि ते इतके निर्भेळ झाले पाहिजे, की त्याचे रेणू रांगेत बसून स्फटिक व्हावेत. विकर हे प्रथिनच असते हे जगाला पटायला सुरुवात झाली तीच मुळी १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी अबईच्या भाऊबंद असलेल्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएज हे विकर स्फटिकरूपात काढल्यावर, आणि त्यासाठी त्यांना १९४६ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. त्या पद्धतीचे, त्या प्रतीचे काम मुंबईत, आपल्या बाजारातल्या वालावर झाले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

आता प्रयोग. आम्ही तो पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतो आणि दोन शाळांमध्येही तो मी दाखवला आहे. साय काढलेल्या दुधाची भुकटी पाण्यात कालवून पातळ पांढरे द्रावण करायचे आणि तीन परीक्षानळ्यांत सारखे घ्यायचे. पहिल्या नळीत ट्रिप्सिनचे द्रावण साध्या पाण्यात मिसळून घालायचे. दुसऱ्या नळीसाठी तेवढेच ट्रिप्सिन भिजवलेल्या कच्च्या वालाच्या गाळलेल्या अर्काबरोबर पाच-दहा मिनिटे ठेवून मग घालायचे. तिसऱ्यासाठी हेच, पण कुकरमध्ये नीट शिजवलेल्या वालाच्या अर्काबरोबर. तिन्ही नळ्या साधारण ३७ ते ४० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात उभ्या करायच्या आणि मागे काळ्या शाईने फुली मारलेला कागद धरायचा. पहिल्या नळीतले दूध हळूहळू निवळते, कारण दुधाला पांढरेपणा देणारे केसिन ट्रिप्सिनने तोडलेले असते, आणि फुली दिसू लागते. दुसऱ्या नळीत फुली दिसत नाही. तिसऱ्यात दिसते, पण बहुधा पहिल्यापेक्षा उशिरा. वालाचा निरोधक गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेला असल्यामुळे थोड्याशा उकळीला दाद देत नाही. अर्क नुसता पाच मिनिटे उकळून घेतला तर तिसरी नळीही पुष्कळ वेळ पांढरीच राहू शकते. म्हणून दाणेच पूर्ण शिजवून घ्यावेत. ट्रिप्सिन मात्र शक्य तितके पातळ ठेवावे. पहिल्या वर्षी आम्ही ते जास्त घेतले, निरोधक पुरा पडला नाही आणि तिन्ही नळ्या निवळल्या; मुले आमच्याकडे पाहत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सगळे नव्याने करावे लागले.

हा प्रयोग झाल्यावर एका मुलीने विचारले होते, "म्हणजे आजीला हे माहीत होतं?" आजीला काय करायचे ते माहीत होते, का करायचे ते कमलाबाईंनी शोधले, असे मी तिला सांगितले, आणि अजूनही मला त्याहून बरे उत्तर सुचलेले नाही.

नीरेच्या कामाची गोष्ट थोडी जास्त परिचित आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या झाडांपासून मिळणाऱ्या ताज्या रसाचा, म्हणजे नीरेचा अभ्यास हाती घेतला. तिच्यातली जीवनसत्त्वे आणि लोह, तसेच त्यांतले काय ताडगुळात टिकते, हे त्यांनी तपासले. आणि आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा होते असे दाखवले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. वर्गात सांगताना नीरा आणि ताडी यांतला फरक जरूर सांगावा. सूर्य वर येऊ लागला की यीस्टचे काम वेगाने सुरू होते आणि काही तासांत साखरेचे मद्यार्क होते; म्हणून नीरा पहाटे उतरवतात आणि मडक्याला आतून चुना लावतात. किण्वनाचा धडा याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येईल असे मला वाटत नाही.

पुढे त्या ग्राहक चळवळीत उतरल्या. १९६६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाचे काम त्यांनी मनापासून केले, १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून याकडे पाहिले जाते, ते मला पटत नाही. डाळीतले प्रथिन, वालातला निरोधक, नीरेतले जीवनसत्त्व आणि बाजारातली भेसळ हा मला एकच सलग प्रश्न दिसतो : माणसाच्या तोंडात जे जाते त्याचे पुढे काय होते, आणि ते जाण्याआधी त्यात काय होते. केंब्रिजच्या तोडीचे शिक्षण घेतलेल्या बाईने हा प्रश्न निवडला, यात त्यांचा विचार दिसतो. साहित्यिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. दोघींनीही आपल्या भोवतालच्या माणसांचे रोजचे जगणे अभ्यासाचा विषय मानले, हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

१९९८ मध्ये, वयाची ८५ वर्षे ओलांडल्यावर, दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आपणां सर्वांना माझी विनंती अशी आहे. येत्या विज्ञान दिनी आपली विद्यार्थिनी कमलाबाईंवर बोलणार असेल, तर तिच्या भाषणातली शेवटची टाळी दार उघडण्याच्या जागी पडू देऊ नका. तिला बटाट्याचा काप हातात घेऊन व्यासपीठावर जाऊ द्या. तो तपकिरी का पडतो, आणि त्या तपकिरीमागे दडलेले खरे श्वसन कमला भागवत यांनी कसे शोधले, हे तिला सांगू द्या. 'पहिल्या', 'महान', 'थोर' ही विशेषणे कमी केली तरी चालतील. १९३९ आणि १९५५ ही दोन साले आणि 'नेचर'मधले ते दोन निबंध राहू द्या.

प्रयोगासाठी ट्रिप्सिन लागते. ते शाळेत नसले तर जवळच्या महाविद्यालयाच्या जीवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे मागावे. तीन नळ्यांना चिमूटभर पुरते आणि ते कोणी नाकारील असे मला वाटत नाही. ते कोरडे आणि थंड ठेवावे, द्रावण त्याच दिवशी करावे. दुधाची भुकटी ताजी असावी. वाल मात्र आदल्या रात्री भिजत घालावे लागतात, तेव्हा २७ तारखेला शाळा सुटताना ते काम कोणाकडे तरी सोपवून जावे.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक शिक्षिका